दारांचं पाणी

माझ्या कामात खोटं बोलणं हा पगाराचाच भाग आहे. गेली बावीस वर्षं मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका छोट्या टूर कंपनीत टूर मॅनेजर आहे. 'बस वळणावरच आहे', 'हॉटेल इथून पाच मिनिटं', 'उद्या नक्की ऊन पडणार' ही वाक्यं मी झोपेतसुद्धा म्हणू शकते. त्यांनी आजवर कुणाचं काही बिघडलं नाही. एकच खोटं असं निघालं की ते अजून माझा पिच्छा सोडत नाही. ते मी चांगुणामावशीला सांगितलं, फ्रान्समधल्या एका कालव्याच्या काठावर, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत.

चांगुणामावशी बदलापूरची, जुन्या कुळगावातली. आगरी. बुटकी, पाठीत ताठ, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं आणि कपाळावर जुन्या आठ आण्याएवढं कुंकू. आमच्या कंपनीचे जुने गिऱ्हाईक किशूभाई, जीन्स शिवण्याचा कारखाना असलेले, त्यांच्या घरी ती पंधरा वर्षं स्वयंपाकाला होती. किशूभाईंच्या आईला सगळे अम्मा म्हणत. अम्मा तिच्याशिवाय कुणाच्या हातचं खात नसत. सिंधी कढी, साई भाजी, ती कांदा-मिरची घातलेली जाड कोकी, सगळं ही आगरी बाई असं करायची की अम्मा सुनांच्या तोंडावर म्हणत, "चांगुणा पिछले जनम में सिंधण थी." सुना ऐकून घेत. त्यांना आयतं जेवायला मिळत होतं.

अम्मांना ऐंशी पूर्ण झाली तेव्हा त्यांनी एकच मागितलं. लहानपणी सिंधमध्ये त्या नावेतून फिरल्या होत्या. तशी हळू चालणारी नाव हवी. किशूभाईंनी शोधशोध करून फ्रान्समधल्या द्राक्षांच्या मुलखातला कालवा काढला. अख्खी बार्ज भाड्यानं, आठ दिवस, घरचे आठ जण, सोबतीला टूर मॅनेजर म्हणून मी आणि स्वयंपाकाला मावशी. त्या आठांपैकी एकालाही वाइन आवडत नव्हती. पुरुषांनी आपली व्हिस्की इथूनच बांधून घेतली होती.

मावशीशी माझी खरी ओळख झाली ती व्हिसाच्या फॉर्मवर. विवाहित की विधवा, असा रकाना होता. मी विचारलं, "मावशी, नवरा?"

"हाय."

"काय करतात?"

"शेती."

"पत्ता?"

ती म्हणाली, "घरचाच लिव. येल तवा घरीच येल ना."

मी लिहून टाकलं. नंतर किशूभाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तिचा नवरा सोळा वर्षांपूर्वी उल्हास नदीच्या पुरात गेला. काठावरच्या गोठ्यात बांधलेली म्हैस सोडायला उतरला होता. दोन दिवसांनी म्हैस खाली कुठेतरी लागली आणि आपल्या पायांनी चालत परत आली. तो आला नाही. पोलीस, होड्या, गळ टाकून शोधणं, सगळं झालं. काही मिळालं नाही.

त्या म्हशीचं दूध विकत विकतच मावशी अम्मांच्या दारात पोचली होती. लोकलनं विठ्ठलवाडीला उतरून कॅन घेऊन चालत यायची. एकदा अम्मांचा हात भाजला म्हणून तिनं भाकऱ्या थापून दिल्या, आणि मग त्या स्वयंपाकघरातून बाहेरच पडली नाही. म्हैस मरेपर्यंत तिनं सांभाळली. ती मला एकदा म्हणाली, "तिना ठावं होता. ती शेवटपर्यंत त्याच्यासंगती होती. मी रोज इचाराची. पन जनावर ता, सांगनार कसा?" हे सांगताना ती मेथी निवडत होती. तिचा हात काही थांबला नाही.

गावातल्या हळदीकुंकवाला तिची पंचाईत नव्हती, बाकीच्यांची होती. ही सवाष्ण की विधवा? कुणी कुंकू लावायचं, कुणी करंडा पुढे सरकवायचं. लग्नाकार्यात ती स्वतःच उठून मागच्या दारी जायची आणि कढया ताब्यात घ्यायची. "चुलीपाशी बरा वाटतं," म्हणायची. "चूल कुनाला इचारत नाय, तुजा नवरा हाय का गेला." एवढी चांगली स्वयंपाकीण ती कशी झाली, याचं कोडं मला हे ऐकून उलगडलं.

अशा माणसासाठी एक विधी असतो. बारा वर्षं उलटली की दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, मग दहावं-बारावं करायचं. म्हणजे तो गेला. म्हणजे बायकोनं कुंकू पुसायचं. मावशीनं चार वर्षं ते टाळलं होतं. पण तिचा मुलगा बाळू आता हटून बसला होता. त्याच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती, घरात पाळणा हलत नव्हता, आणि सगळं गाव एकच सांगत होतं की बापूस अडकलाय, त्याला मोकळा करा. विमानात बसण्यापूर्वी मावशीनं बाळूला शब्द दिला होता की आल्यावर पितृपक्षात करू. हे ती मला विमानात म्हणाली, पट्टा आवळून घेत. "सुनेचा तोंड बगवत नाय गं. माजा काय, निम्मा जलम तं झालाच."

बार्ज म्हणजे एक लांबलचक चपटी बोट. कालवा अरुंद, दोन्ही बाजूंना उंच झाडं, पलीकडे टेकड्यांवर रांगा लावून द्राक्षं. वेग असा की काठानं चालणारा माणूस पुढे जाईल. आणि मावशी जायची. सकाळचा चहा-नाश्ता उरकला की ती उतरायची, लुगड्यावर किशूभाईंच्या मुलीचं जॅकेट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि काठानं चालू लागायची. आम्ही मागून तरंगत यायचो. बाई पुढच्या वळणावर उभी राहून आमची वाट बघायची. द्राक्षं तोडणारे लोक तिला बघून हात हलवायचे. एकानं घड दिला, बारीक काळी द्राक्षं, नुसत्या बिया. तिनं चाखून तोंड वाकडं केलं आणि बोटीवर येऊन त्याचं मिरची-गूळ घालून लोणचं केलं. ते कॅप्टनच्या बायकोनं बरणीत भरून ठेवून घेतलं.

कॅप्टनच्या बायकोशी तिचं आधी भांडण झालं होतं, बरं का. पहिल्याच दिवशी मावशीनं मला न सांगता आणलेले सुके बोंबील बर्नरवर भाजले. कॅप्टन वायर जळली असं समजून आग विझवायचं सिलिंडर घेऊन धावत आला. त्याची बायको नाक धरून काठावर जाऊन उभी राहिली. मी माफी मागत होते, किशूभाई माझ्यावर ओरडत होते, आणि वर डेकवरून अम्मांचा आवाज आला, "चांगुणा, एक टुकड़ा मेरे लिए भी." मिटलं तिथंच.

पण एक गोष्ट मला सुरुवातीपासून खटकत होती. आम्हा दोघींना मिळून एक खोली होती, खिडकी पाण्यापासून हातभर उंचीवर. मावशी त्या खोलीत एकदाही झोपली नाही. रोज स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसल्या बसल्या झोपायची, कारण तिथे खिडकी नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "येवरा जवल नको. पानी कानाशी बोलतं." अम्मा रोज सकाळी चिमूटभर तांदूळ-साखर पाण्यात सोडून हात जोडत, तशी त्यांच्या घरची रीतच होती. त्या वेळी मावशी शेजारी उभी असायची, पण पाण्याकडे पाठ करून.

तिला पटलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे दारं. हा कालवा टेकडी चढतो. म्हणजे मधे मधे दगडी हौद बांधलेत. बोट हौदात शिरली की मागचं दार लावायचं, पाणी आत सोडायचं, बोट वर येते, मग पुढचं दार उघडायचं. दर दाराशी एक छोटं घर आणि एक राखणदार. मावशी प्रत्येक वेळी दाराशी आधी पोचायची आणि हौद भरेपर्यंत तिथून हलायची नाही. "पान्याला दारं!" ती म्हणायची. "आमच्याकर असती तं!"

पाचव्या दिवशी जो राखणदार भेटला तो म्हातारा होता, निवृत्तीला आलेला. अंगणात टोमॅटो, कोंबड्या, आणि घराच्या दारावर आतून चिकटवलेले फोटो. फोटोंत कालवा रिकामा होता. नुसता चिखल, आणि चिखलात सायकली, खुर्च्या, एक शिवणयंत्र, लोखंडी पलंग. मावशी दारातच थबकली.

"ह्या काय?"

मी कॅप्टनला इंग्रजीत विचारलं, कॅप्टननं म्हाताऱ्याला फ्रेंचमध्ये. उत्तर त्याच वाटेनं परत आलं. काही वर्षांनी हिवाळ्यात दुरुस्तीसाठी पाणी सोडून देतात. मग वर्षानुवर्षं पडलेलं सगळं तळाशी सापडतं. म्हातारा ते काठावर मांडून ठेवतो. ज्याचं असेल तो घेऊन जातो.

मावशीनं ते ऐकलं. मग विचारलं, "मानूस गेला तं?"

प्रश्न गेला, उत्तर आलं. "तोही सापडतो. उशिरा का होईना. दारातून बाहेर जाणार कुठे?"

"आनि नदीत?"

हे मी पुढे विचारायलाच नको होतं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मी विचारलं. म्हाताऱ्यानं टोपी काढली. हात लांब, समुद्राच्या दिशेला केला. बराच वेळ बोलला. कॅप्टन मला हळू आवाजात म्हणाला, "नदीचं सोडा म्हणतोय. नदी परत देत नाही. ज्यांचं माणूस नदीत जातं त्यांना तो सांगतो की वाट बघू नका, घरी जा."

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. पाच दिवस तिनं मला, घरचा तांदूळ मिळत नाही म्हणून, खिचडी मऊ करून घातली होती, माझे कपडे माझ्या आधी वाळत घातले होते. तिचे ओठ किंचित उघडे होते. सोळा वर्षं कुणी तिला आशेचं एक वाक्य सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याचं बोलणं मला सांगवलं नाही.

मी म्हणाले, "म्हणतात, नदीपण देते. वेळ लागतो फक्त."

तिचा चेहरा जो बदलला तो मला आजही बघवत नाही. ती चक्क हसली. काठावर खाली बसली, आणि पहिल्यांदाच हात पाण्यात घातला, कोपरापर्यंत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग तो पुतला कशाला जालाचा?"

तेव्हा मला कळलं मी काय करून बसले ते. कॅप्टननं हाक मारली, दार उघडलं होतं, बोट निघाली. मला अजून तीन दिवस होते. मुंबईपर्यंतचं विमान होतं. मी रोज ठरवायचे की आज सांगू. ती रोज काठानं चालायची, मजेत, मधूनच पाण्यात वाकून बघत. मी काही बोलले नाही.

त्या पितृपक्षात पुतळा झाला नाही. बाळूनं आदळआपट केली. मावशीनं फक्त एवढंच सांगितलं की परदेशातला पाणी राखणारा माणूस जे बोलला ते इथल्या भटजीला ठाऊक नाही. बाळूनं बोलणं टाकलं. एका छपराखाली दोन चुली झाल्या. सून दोन्हींकडे बघत मधे उभी राहायची, असं किशूभाईंच्या घरून कानावर यायचं, आणि मी विषय बदलायचे.

दोन वर्षांनी मे महिन्यात मी धीर करून कुळगावला गेले. ती घरी नव्हती. नदीवर असेल, शेजारणीनं सांगितलं, पाणी आटलं की ती रोज जाते. मी गेले. बंधाऱ्याखाली नदी नुसत्या डबक्यांची झाली होती. मावशी लुगडं खोचून, हातात काठी घेऊन, दगड उलटे करत चालली होती. मला बघून तिला आनंद झाला. घरी नेऊन मला तिनं अंगणाची भिंत दाखवली. भिंतीवर ओळीनं मांडलं होतं: पितळी तांब्या, बैलाची घंटा, सायकलचं हँडल, एका पायाच्या तीन चपला, गणपतीच्या मखराची सळई. "ज्याचा असंल तो नेल," ती म्हणाली. "परवा एक बाय तिच्या आयसचा डबा वलखून घेऊन गेली. रडली."

मी तिथेच, भिंतीपाशी उभी राहून, सगळं सांगून टाकलं. तो म्हातारा असं बोलला नव्हता. उलट बोलला होता. मी खोटं सांगितलं. माझं चुकलं, मावशी, तुम्ही ते विधीचं करून टाका.

ती ऐकत राहिली. रागावली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवला, आजारी माणसाच्या फिरवतात तसा.

"तुजी त्यांची भाषा कच्ची हाय, पोरी," ती म्हणाली. "तवा ताजा ताजा आयकलाव, तवा तुना बरोबर कलला होता. आता इसरलीस. होता असा."

मी पुन्हा सांगितलं. तिनं मला भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. तिसऱ्यांदा सांगायला गेले तेव्हा ती उठून चहा टाकायला गेली. खोटं सांगायला मला एक वाक्य लागलं होतं. खरं मी तिथं तासभर सांगत बसले आणि एक शब्दही तिच्यापर्यंत पोचला नाही. परतताना बाळू फाटकाशी भेटला. त्याला सांगावं असं फार वाटलं. पण त्यानं नुसती मान हलवली आणि आत गेला, आणि मला तेवढंच निमित्त पुरलं. मी भित्री आहे, हे लिहायला आता हरकत नाही.

मधे अम्मा गेल्या. मावशीनं काम सोडलं. दर उन्हाळ्यात भिंतीवरची रांग लांब होत गेली, एवढं ऐकत होते. आणि गेल्या वर्षी दिवाळीनंतर सकाळी सकाळी बाळूचा फोन आला. सहा वर्षांत पहिला. "ताई, आय गेली. तुमी या."

मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि काहीतरी अडलं होतं. मावशीला ओटीवर ठेवलं होतं, पांढऱ्या चादरीखाली. शेजारी दोन लुगडी घडी केलेली. एक पांढरट, तिच्या जावेनं आणलेलं. एक हिरवंगार, कुणी आणलं ते कुणी कबूल करत नव्हतं. नवरा असताना गेलेल्या बाईला हिरवं नेसवतात, मळवट भरतात, ओटी भरतात. नवरा नसलेलीला नाही. भटजी म्हणत होते, पुतळा आत्ताच करू, आधी बापाला अग्नी, मग आईला, दोघांचं एकदम सुटेल. दीर म्हणत होते, तेच बरं. पण आधी बापाला दिला, तर ती विधवा म्हणून जाणार. बायका पदरात तोंड घालून उभ्या होत्या. 

बाळू सगळ्यांच्या मधे उभा होता. दाढी वाढलेली, डोळे कोरडे. मला बघून तो पुढे आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ताई, तिकरं फ्रान्सला तुमी होतात. आय बोलाची, तो दारवाला बोल्ला का नदी देते. तो खरा काय बोल्ला? सगल्यांसमोर सांगा."

 ओटीवर चादरीखालून तिचा एक पाय दिसत होता. काठाकाठानं बोटीच्या पुढे चालणारा तो पाय. सहा वर्षं मी खरं सांगायला तडफडत होते, आणि आता ते विचारणारा माणूस समोर उभा होता. या माणसाचं घर माझ्यामुळे दुभंगलं होतं. त्याला खरं मिळायचा हक्क होता.

"तेच बोलला," मी म्हणाले. "नदी देते. वेळ लागतो."

बाळूनं मान हलवली. मग वळून मावशीच्या जावेकडे, भटजींकडे, सगळ्यांकडे बघत म्हणाला, "म्हंजे बापूस अजून गेला नाय. हिरवा आना."

बायका हलल्या. चादर काढली, तिला नेसवलं, हातात हिरव्या बांगड्या चढवल्या, कपाळभर मळवट भरला. मग रीतीप्रमाणे एकेक सवाष्ण पुढे येऊन तिची ओटी भरू लागली, तिच्या पाया पडू लागली, तिच्या कपाळाचं कुंकू बोटानं घेऊन आपल्या कपाळाला लावू लागली. हळदीकुंकवाला तिच्यासमोरून करंडा पुढे सरकवणाऱ्या त्या बायका. जाऊही होती. सून सगळ्यांत पुढे होती, आणि ती उठायलाच तयार नव्हती.

बाळू माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तिकडेच बघत, मला एकटीला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "त्या नदीत मी लानपनापास्नं पवतोय, ताई. ती काय देते, मना ठावं हाय." मग म्हणाला, "पन बरा बोल्लात."

त्यांनी तिला उचललं. नदीची वाट घरामागून उतरते. बायका फाटकापर्यंतच जातात, तशी मीही फाटकाशी थांबले. पुढे बाळू, मागे खांदेकरी, आणि मधे तिचं हिरवं लुगडं, उन्हात, वाट वळेपर्यंत दिसत होतं.